रिपोर्टच्या आधी पेशंट वाचा

(नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

नर्सिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या मुलींनो, आणि अलीकडे वर्गात बऱ्यापैकी संख्येनं दिसू लागलेल्या मुलांनो, आज तुमच्याशी रक्ताच्या रिपोर्टबद्दल बोलायचं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही जो तक्ता पाठ करता, हिमोग्लोबिन इतकं, पोटॅशियम तितकं, तो मी इथे सगळा म्हणून दाखवणार नाही. तो पुस्तकात आहेच, शिवाय प्रत्येक रिपोर्टवर आकड्याशेजारी छापलेलाही असतो. मी तुम्हाला सांगणार आहे, तो तक्ता तोंडपाठ असूनही मी दोनदा कशी चुकले ते. पहिल्यांदा आकडा खोटा होता आणि मला तो खरा वाटला. दुसऱ्यांदा आकडा खरा होता आणि मी तो खोटा धरला.

पहिली गोष्ट नोकरीच्या पहिल्याच वर्षातली. स्त्रियांचा सर्जिकल वॉर्ड, नाइट ड्यूटी. गर्भपिशवीचं ऑपरेशन होऊन एक दिवस झालेल्या बाईंचं सीबीसी पाठवायचं होतं. डाव्या हाताला सलाईन चालू होतं. उजव्या हाताची शीर काही केल्या सापडेना. दोनदा टोचलं, बाई कळवळल्या, मलाही वाईट वाटलं. मग मी सोपा मार्ग काढला. डाव्या हातालाच, सलाईनच्या सुईच्या जरा वर, फुगलेली छान शीर दिसत होती. तिथून रक्त घेतलं, बल्ब भरला, लेबल लावलं, मामांच्या हातात दिला आणि पुढच्या कामाला लागले.

सकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ६.२. ऑपरेशनच्या आधी ते १०.४ होतं. हाऊसमन डॉक्टर घाबरले. पोटात रक्तस्राव होतोय की काय? नातेवाइकांना रक्तपेढीत पिटाळलं, पुन्हा थिएटरमध्ये घ्यावं लागेल अशी कुजबुज सुरू झाली. बाईंचे यजमान जिन्यात बसून रडत होते.

तेवढ्यात आमच्या इनचार्ज सिस्टर सकाळच्या ड्यूटीवर आल्या. मी रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही, त्या सरळ कॉटपाशी गेल्या. बाई उशीला टेकून चहा पीत होत्या आणि मावशींकडे कंगवा मागत होत्या. सिस्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली. थोडी फिकट, पण गुलाबी. नाडी ८२. रक्तदाब व्यवस्थित. ड्रेसिंग कोरडं, लघवी भरपूर. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘रक्त कुठल्या हातातून घेतलंस?’’

त्या प्रश्नाने कानशिलं तापली, ती आजही आठवतात.

सिस्टर ओरडल्या नाहीत. जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून म्हणाल्या, ‘‘नुसतं हिमोग्लोबिन नको बघूस. पांढऱ्या पेशी ८,२०० होत्या, त्या ४,९०० झाल्या. प्लेटलेट्स २ लाख १० हजार होत्या, त्या सव्वा लाख झाल्या. तिन्ही आकडे एकाच मापाने उतरलेत. रक्तस्राव झाला असता तर पांढऱ्या पेशी सहसा वाढल्या असत्या. या बाईंचं रक्त गेलेलं नाही. तू पाठवलेल्या रक्तात पाणी गेलंय.’’ दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त घेतलं. हिमोग्लोबिन १०.१. रक्ताची पिशवी परत गेली, आणि गरज नसलेलं रक्त चढवण्याचा धोका टळला.

तेव्हा पहिला नियम लिहून घ्या. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घ्यायचं नाही, दुसऱ्या हातातून घ्यायचं. अगदीच इलाज नसेल तर डॉक्टरांना विचारून सलाईन निदान दोन मिनिटं बंद ठेवायचं, सुईच्या खालच्या बाजूने रक्त घ्यायचं, सुरुवातीचं थोडं टाकून द्यायचं आणि तसं फॉर्मवर लिहायचं.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवा, कारण ती जीवघेणी आहे. बाळंतपणानंतर एखादीला भराभर रक्तस्राव होतोय आणि तुम्ही त्याच वेळी हिमोग्लोबिन पाठवलंत, तर ते चक्क ठीक येईल. कारण ताज्या रक्तस्रावात पेशी आणि पाणी दोन्ही एकदम जातात. उरलेलं रक्त तेवढंच दाट राहतं. शरीरातलं पाणी रक्तात ओढलं जातं किंवा आपण सलाईन देतो, तेव्हा आकडा उतरतो आणि त्याला काही तास लागू शकतात. तोवर खरं सांगते ती नाडी. नाडी १२०, हात गार, बाई अस्वस्थ, आणि कोणी म्हणालं, ‘‘हिमोग्लोबिन ११ आहे, काळजी नको,’’ तर काळजी करा.

आता ‘नॉर्मल’ म्हणजे काय ते पाहू. रिपोर्टवर छापलेल्या मर्यादा बहुतेक वेळा निरोगी माणसांच्या तपासण्यांवरून ठरवतात. त्यातल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात, तो पट्टा नॉर्मल. म्हणजे निरोगी असूनही शंभरातले पाच जण पट्ट्याबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका धडधाकट माणसाच्या केल्या, तर निदान एक आकडा ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. म्हणून ठळक अक्षर दिसलं की पेशंटसमोर ‘अरे बापरे’ म्हणायचं नाही. आणि ठळक नाही म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. नेहमी १४ हिमोग्लोबिन असणाऱ्या माणसाचं चार दिवसांत १३.१ झालं, तर छापील हिशेबाने ते नॉर्मलच. पण त्याच्यासाठी ती उतरण आहे. ती कशामुळे, हे विचारायला हवं. मागचा रिपोर्ट काढून शेजारी ठेवायची सवय लावा.

सीबीसीत तीन घरं पाहायची. पहिलं हिमोग्लोबिन. प्रौढ पुरुषांत १३च्या खाली, गरोदर नसलेल्या स्त्रीत १२च्या खाली गेलं की अॅनिमिया म्हणायचा. गरोदरपणात जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सांगितलेली मर्यादा पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११, मधल्या तिमाहीत १०.५ अशी आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना अॅनिमिया आढळला. म्हणजे वॉर्डात हा आकडा कमी दिसणं इतकं नेहमीचं आहे की आपली नजर मरते. ९ असलेल्या बाईला आपण ‘ठीक आहे’ म्हणून टाकतो. ते ठीक नसतं. आपल्याला त्याची सवय झालेली असते, इतकंच. त्याच कागदावर एमसीव्ही असतो, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. तो ८०च्या खाली असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाचा वारसा, १००च्या वर असेल तर बी-१२ किंवा फोलेटची कमतरता, अशी दिशा डॉक्टर शोधतात. निदान त्यांनी करायचं. पण लोहाची गोळी चहाबरोबर गिळणारी बाई तुम्हाला दिसते, त्यांना दिसत नाही. चहाने लोह अंगी लागत नाही, हे तिला तुम्हीच सांगायचं.

दुसरं घर पांढऱ्या पेशींचं. साधारण ४ ते ११ हजार. संसर्ग झाला की त्या वाढतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण टायफॉइडमध्ये त्या नॉर्मल किंवा कमीही असू शकतात. आणि म्हाताऱ्या, थकलेल्या पेशंटच्या पेशी ३ हजारांवर आल्या, अंग गार पडलं, तो असंबद्ध बोलायला लागला, तर ते संसर्ग नसल्याचं लक्षण नव्हे. शरीर लढाई हरत असल्याचं ते लक्षण असू शकतं.

तिसरं घर प्लेटलेट्सचं. दीड ते साडेचार लाख. पावसाळ्यात वॉर्डाच्या दारात नातेवाइकांचा घोळका उभा असतो आणि एकच प्रश्न असतो, ‘‘सिस्टर, आज पेशी किती आल्या?’’ कोणी त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतं, कोणी नुसतंच पेशी. डब्यात किवी असतं, बाटलीत पपईच्या पानांचा रस असतो. डेंग्यूने सगळ्या महाराष्ट्राला प्लेटलेट्स शिकवल्या, पण अर्ध्याच शिकवल्या. डेंग्यूत माणूस दगावतो तो पुष्कळदा नुसत्या प्लेटलेट्स कमी झाल्याने नव्हे, तर रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त दाट झाल्याने आणि त्यामुळे रक्तदाब कोसळल्याने. ते दाटपण सांगणारा आकडा त्याच कागदावर असतो. हिमॅटोक्रिट, किंवा पीसीव्ही. तो साधारण हिमोग्लोबिनच्या तिप्पट असतो. काल ३६ होता आणि आज ४४ झाला, तर ती वीस टक्क्यांहून अधिक वाढ झाली. प्लेटलेट्स ९० हजार असोत की ४० हजार, ही वाढ दिसली की लगेच कळवायचं.

आणि हे होतं कधी? बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरत असताना. घरचे म्हणतात, ‘‘ताप गेला, आता सुट्टी द्या.’’ नेमकं तेव्हाच तुम्ही जास्त सावध व्हायचं. पोट खूप दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून रक्त येतंय का, लघवी कमी झाली का, पेशंट उगाच चिडचिड करतोय का, हे विचारायचं. आणखी एक. पेशंट मस्त आहे, अंगावर एक ठिपका नाही, आणि प्लेटलेट्स १५ हजार आल्या, तर काही वेळा ईडीटीए बल्बमध्ये पेशींच्या गुठळ्या होतात आणि मशीन त्या मोजत नाही, हे आठवा. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की उलगडा होतो.

आता माझी दुसरी गोष्ट. पहिल्या प्रसंगाला चारेक वर्षं झाली होती. आता मी शहाणी झाले होते, निदान तसं मला वाटत होतं. कुठलाही विचित्र आकडा आला की मी आधी शंका घ्यायची. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, संध्याकाळची वेळ. सतरा नंबरच्या कॉटवर मूत्रपिंडाच्या जुन्या आजाराचे एक बाबा होते. गावाहून यायला एसटी मिळाली नाही म्हणून त्यांचं एक डायलिसिस चुकलं होतं. लॅबमधून फोन आला, ‘‘सिस्टर, सतरा नंबरचं पोटॅशियम ७.१ आहे.’’

पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असतं. ते लाल पेशींच्या आत भरपूर आणि बाहेर थोडं असतं. रक्त घेताना पेशी फुटल्या तर आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढतो. बारीक सुईने जोरात ओढलं, सिरिंजचा दट्ट्या दाबून बल्बमध्ये रक्त फवारलं, बल्ब खुळखुळ्यासारखा हलवला, दंडाला पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवला, पेशंटला मूठ सारखी उघड-मीट करायला लावली, तर हे घडू शकतं. मला हे सगळं पाठ होतं. मी टेक्निशियनला विचारलं, ‘‘सॅम्पल हिमोलाइज झालंय का?’’ ते म्हणाले, ‘‘किंचित वाटतंय.’’

झालं. मी मनाशी ठरवून टाकलं की आकडा खोटा. नवं रक्त घेतलं, मामांबरोबर खाली पाठवलं. डॉक्टर कॅज्युअल्टीत अडकले होते. त्यांना उगाच कशाला त्रास द्यायचा, नवा रिपोर्ट आला की सांगू, असा विचार केला. वहीत नोंद केली नाही. बाबांकडे लांबूनच पाहिलं. डोळे मिटून पडले होते. झोपलेत, असं समजले.

चाळीस मिनिटांनी वॉर्डातल्या मावशी धावत आल्या. ‘‘सिस्टर, सतरा नंबरचा बाबा बघा, कसंतरीच करतोय.’’ नाडी ३८. हातापायांत त्राण नाही. ईसीजी काढला तर टी लाटा तंबूसारख्या उंच टोकदार आणि बाकीचा आलेख पसरत चाललेला. मग धावाधाव. कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन, ग्लुकोजबरोबर इन्शुलिन, आणि रात्रीच डायलिसिस. त्या गडबडीत दुसरा रिपोर्ट आला. ६.९.

बाबा वाचले. पण माझ्यामुळे नाही. मावशी सहावी शिकलेल्या होत्या, त्यांना पोटॅशियम म्हणजे काय हे माहीत नव्हतं. त्यांनी फक्त माणसाकडे पाहिलं होतं.

मुलांनो, मी पहिला धडा चुकीचा शिकले होते. ‘आकड्यावर शंका घे’ एवढंच मी त्यातून उचललं. आमच्या इनचार्ज सिस्टरांनी तसं केलं नव्हतं. त्या आधी पेशंटपाशी गेल्या होत्या, आणि शंका नंतर आली होती. मी शंका घेतली आणि टेबलापाशी बसून राहिले. शंका घेणं म्हणजे थांबणं नव्हे. धोक्याचा आकडा आला की तो खोटा ठरेपर्यंत खरा धरायचा. नवं सॅम्पल जरूर पाठवायचं, पण त्याच वेळी पेशंटपाशी जायचं, नाडी आणि रक्तदाब पाहायचा, पोटॅशियमसाठी ईसीजी काढायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. यातलं एकही दुसऱ्यासाठी थांबवायचं नाही. डॉक्टर रागावले तर रागावू देत. तो राग दहा मिनिटांत विसरला जातो.

रिपोर्ट बिघडतो तो बऱ्याचदा लॅबमध्ये नाही, पेशंटच्या उशापाशी. म्हणून बल्बकडे परत येते. रक्त घेण्याचा क्रम असा: आधी ब्लड कल्चर, मग निळ्या टोपणाचा, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, मग जांभळा, शेवटी राखाडी. हा क्रम उगाच नाही. जांभळ्या बल्बात पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं. त्याचा अंश लाल बल्बात गेला तर पोटॅशियम वाढतं आणि कॅल्शियम घसरतं. काही जण जांभळ्यात रक्त जास्त झालं म्हणून थोडं लाल बल्बात ओततात. तसं कधीही करू नका. निळ्या बल्बात सायट्रेट असतं, त्यात नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट हे प्रमाण लागतं. रेघेपर्यंत भरला नाही तर आयएनआर खोटाच वाढून येतो, आणि वॉरफरिनची गोळी चालू असलेल्या पेशंटचा डोस त्यावरून कमी होऊ शकतो. लेबल लावायचं ते रक्त घेतल्यावर, पेशंटसमोरच. आणि ‘‘तुम्ही शांताबाई ना?’’ असं विचारायचं नाही. अर्धवट ऐकून कोणीही ‘हो’ म्हणतं. ‘‘तुमचं पूर्ण नाव काय?’’ असं विचारायचं.

साखरेचंही तसंच. बल्बमध्ये पडून राहिलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात. दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. राखाडी बल्बातलं फ्लोराइड हे रोखतं, पण तेही लगेच नाही. म्हणून सॅम्पल वेळेत पोचवायचं. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह, हे तुम्हाला माहीत आहे. पण ‘उपाशी होतात ना?’ एवढं विचारून भागत नाही. ‘चहा घेतला का?’ असं वेगळं विचारा. आपल्याकडे चहा घेतलेला माणूस स्वतःला उपाशीच समजतो.

तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए-वन-सी ६.५ किंवा अधिक असली की मधुमेह म्हणतात. मात्र ती हिमोग्लोबिनवरच मोजली जाते. ज्याच्या लाल पेशी लवकर मरतात, त्याची एचबीए-वन-सी खोटीच कमी येते. विदर्भात, नंदुरबारकडे, आदिवासी भागात काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण तिथे सिकलसेलचे पेशंट भेटतात. त्यांची साखर एचबीए-वन-सीवर जोखता येत नाही. सिकलसेलसाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पेशंटकडे सिकलसेलचं कार्ड असेल तर ते रिपोर्टला जोडून डॉक्टरांना दाखवणं, हे काम तुमचंच.

क्रिएटिनिनबद्दल एकच वाक्य. ते स्नायूंतून तयार होतं, म्हणून कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाचं १.३ आणि पस्तीस किलोच्या आजींचं १.३ हे सारखं नव्हे. पैलवानाची मूत्रपिंडं ठणठणीत असतील आणि आजींची निम्म्याहून कमी काम करत असतील. आजींना जेंटामायसिन किंवा वेदनाशामक लिहिलेलं दिसलं, तर ‘‘सर, आजींचं क्रिएटिनिन आणि वजन पाहिलंत ना?’’ एवढं विचारायला घाबरू नका.

शेवटी, आकडा कळवायचा कसा. जीव धोक्यात असल्याचं सांगणारे आकडे लॅबने तात्काळ फोनवर कळवायचे, ही कल्पना जॉर्ज लुंडबर्ग या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९७२ मध्ये मांडली. पण फोन उचलणारा हात आपला असतो. फोन आला की पेशंटचं पूर्ण नाव, नंबर, तपासणी, आकडा आणि वेळ लिहायची. चिठोऱ्यावर नाही, तळहातावर तर नाहीच. वहीत लिहायचं. मग ते परत वाचून दाखवायचं, ‘‘सात पूर्णांक एक, बरोबर?’’ आणि डॉक्टरांना सांगताना ‘‘सर, सतरा नंबरचा रिपोर्ट आलाय’’ असं म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘‘सर, सतरा नंबरच्या बाबांचं पोटॅशियम ७.१ आहे. डायलिसिस चुकलंय. नाडी ४८ आहे. ईसीजी काढतेय. तुम्ही लगेच या.’’ पहिलं वाक्य ऐकून माणूस ‘बघतो’ म्हणतो, दुसरं ऐकून उठतो. सकाळी ओव्हर देतानाही आकडा एकटा देऊ नका. काल किती होता, आज किती आहे, पेशंट कसा आहे आणि कोणाला कळवलं, हे चारही सांगा.

आमच्या इनचार्ज सिस्टर आता नाहीत. मी ट्यूटर झाल्यावर दरवर्षी पहिल्या दिवशी मुलींना वॉर्डात नेत असे आणि म्हणत असे, फाइल उघडायची नाही. आधी पाच मिनिटं पेशंटजवळ बसा, त्याची पापणी पाहा, नाडी धरा, ‘काय जेवलात’ ते विचारा. मग मला सांगा, रिपोर्टात काय असेल. पुष्कळदा त्यांचा अंदाज चुकायचा आणि त्या हसायच्या. पण वर्षाअखेरीला अंदाज बरोबर येऊ लागत. आणि एखादा रिपोर्ट अंदाजाशी जुळला नाही, तर त्या तो घेऊन माझ्याकडे नाही, पुन्हा कॉटकडे जात.

तुम्हीही तसंच करा.